एक्केचाळिसावं वाक्य

दर मार्चमध्ये नोहोरा लोसादा आपल्या पत्रिकेची नाडी बघायची. पत्रिका सापांच्या विषावरची, वर्षाला चार अंक, विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीतून निघणारी. संपादक म्हणून नाव डॉक्टर आन्सेल्मो उर्रुतियांचं. नोहोराचं पद सचिवाचं. पण रसायनशास्त्र शिकलेली ही बाई बावीस वर्षं त्या खोलीत बसत होती. कुठला लेख कुठल्या अंकात आला, कुणाचा किती वेळा परत गेला, हे विचारायला उर्रुतियासुद्धा तिच्याच टेबलापाशी येत.

नाडी बघायची म्हणजे एक भागाकार करायचा. नुकत्याच सरलेल्या वर्षाच्या आधीच्या दोन वर्षांत पत्रिकेनं छापलेले लेख खाली. त्या लेखांचा सरलेल्या वर्षात जगभरातल्या इतर लेखांनी किती वेळा संदर्भ दिला, ती संख्या वर. उत्तर येतं तो प्रभावांक. खरा आकडा जूनमध्ये परदेशातली एक कंपनी जाहीर करायची, आणि त्यावर पत्रिकेचं जगणं-मरणं ठरायचं. नोहोरा तो तीन महिने आधी काढून ठेवी. दुसऱ्या दशांशापर्यंत ती कधी चुकली नव्हती.

यंदा खाली साठ आले आणि वर एकशे तेवीस. दोन पूर्णांक शून्य पाच.

तिनं परत मोजलं. मग कागद घेऊन उर्रुतियांच्या खोलीत गेली.

"दोन?" त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "नोहोरिता, परत सांगा. सावकाश सांगा. सत्तरीला आलोय मी, इथंच आडवा झालो तर तुम्हालाच निस्तरावं लागेल."

"दोन पूर्णांक शून्य पाच, दोक्तोर."

"दोनाच्या वर!" त्यांनी टेबलावर थाप मारली, कपातली काळी कॉफी बशीत सांडली. "आता त्या डीनला म्हणावं, ये, विलीन कर आम्हाला! गाईंच्या पत्रिकेत घालणार होता आम्हाला. गाईंच्या! साप आणि गाई एका गोठ्यात!"

"एकाच लेखाचे सदतीस आहेत," नोहोरा म्हणाली. "मोस्केराच्या."

"मग तिला फुलं पाठवा."

ते हसले. पण मोस्केराचं नाव निघाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि समोरचे कागद नीट लावायला लागले. नोहोराला ते दिसलं. त्याचा अर्थ मात्र तेव्हा लागला नाही.

*

गाईंचा धाक सव्वा वर्षापूर्वीचा. त्या वेळी खाली बासष्ट लेख होते आणि वर चौतीस, म्हणजे अर्ध्याच्या जरा वर. डीननं बोलावून सांगितलं होतं, दीडच्या खाली राहिलात तर पशुवैद्यकांच्या पत्रिकेत विलीन. उर्रुतिया आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी गरम पानदेबोनोची पुडी घेऊन ते तिच्या टेबलाशी आले. पाव खाता खाता त्यांनी तिला युक्ती सांगितली.

"डिसेंबरच्या अंकात संपादकीय लिहायचं. 'दोन वर्षांचा मागोवा'. आपल्या बासष्टच्या बासष्ट लेखांचा उल्लेख त्यात. बासष्ट संदर्भ फुकट. आणि संपादकीय हा काही शोधलेख नव्हे, त्यामुळे भागाकारात तो खाली धरला जात नाही. नुसतं वर पडतं."

"हे चालतं?"

"सगळे करतात. फक्त दोन पानांच्या आत बसलं पाहिजे. त्याहून लांबलं तर ती कंपनी त्याला लेख समजते, मग आपल्याच पायावर धोंडा."

लिहिलं अर्थातच नोहोरानं. बासष्ट लेख, प्रत्येकाला एक वाक्य, दोन पानं. पहिला खर्डा साडेतीन पानांचा झाला. उर्रुतियांनी लाल पेनानं 'जर', 'परंतु', 'केवळ अशा रुग्णांत' हे सगळं काढून टाकलं. "पोटवाक्यं छाटा, नोहोरिता. जर-तर कुणी लक्षात ठेवत नाही." दुसरा खर्डा सव्वादोन पानांचा झाला. उरलेलं पाव पान तिनं स्वतःच्या हातानं छाटलं. एका दुपारचं काम. चौतीस अधिक बासष्ट, शहाण्णव, भागिले बासष्ट. दीडच्या वर. डीन गप्प झाला, आणि पुढच्या डिसेंबरला तिनं तसंच आणखी एक संपादकीय लिहिलं.

दुसरी एक रीत त्याच्याही आधीपासूनची. लेख स्वीकारल्याच्या पत्रात शेवटची ओळ असायची: आमच्या पत्रिकेतल्या गेल्या दोन वर्षांतल्या किमान तीन लेखांचा संदर्भ जोडावा. लेखक बिचारे कळवत, जोडतो, पण कुठले जोडू? पूर्वी नोहोरा त्यांना अंकांची यादी पाठवी. संपादकीय निघाल्यापासून ती तेच पाठवायला लागली. सगळं दोन पानांत, वाक्य तयार, संदर्भाचा आकडा शेजारी. लेखक खूश व्हायचे. कित्येक जण पुढच्या वेळी दुसऱ्या पत्रिकेत लिहितानाही तीच वाक्यं वापरत, आणि तिथून तिसरा कुणी उचले.

*

सदतीस हा आकडा तिला खटकत राहिला. आनंदाचाच होता, पण खटकत राहिला. बावीस वर्षांत त्यांच्या कुठल्याही लेखाला वर्षाला नवाच्या वर संदर्भ मिळाले नव्हते. एरवी ती फक्त मोजायची. संदर्भ देणाऱ्यानं काय म्हटलंय ते उघडून बघायला वेळ कुणाला असतो? त्या दिवशी तिनं जेवणाच्या सुट्टीत पहिला उघडला.

होंडुरासचा लेख. प्रस्तावनेतच: 'लहान मुलांच्या सर्पदंशात प्रतिविषाची अर्धी मात्रा पुरेशी ठरते.' पुढे कंसात मोस्केरा.

दुसरा बोलिव्हियाचा. 'लहान मुलांच्या सर्पदंशात प्रतिविषाची अर्धी मात्रा पुरेशी ठरते.'

तिसरा, चौथा. पाचव्याला तिनं चमचा खाली ठेवला. 'पुरेशी ठरते'. हा शब्द ती वापरते. दुसरं कुणी 'पुरते' लिहील, 'चालते' लिहील. 'ठरते' तिचं.

कपाटातून संपादकीय काढलं. एक्केचाळीस क्रमांक. तेच वाक्य, शब्दाशब्दानं.

मग मूळ अंक काढला. देइसी मोस्केरा, किनाऱ्यावरच्या नदीगावातल्या छोट्या इस्पितळातली डॉक्टर. तिचा पहिलाच लेख. एकोणीस मुलं. दुसऱ्या तक्त्याखाली आणि निष्कर्षात, दोन्हीकडे स्वच्छ लिहिलेलं: ज्यांचं रक्त अजून गोठतं आहे आणि सूज सांध्याच्या वर गेलेली नाही, केवळ अशा सौम्य दंशांत अर्धी मात्रा पुरेशी. इतर सर्वांना मोठ्या माणसाइतकीच पूर्ण.

पहिल्या खर्ड्यात ही अट होती. दुसऱ्यातही, एका शब्दात का होईना, होती. लाल पेनातूनही 'सौम्य' तेवढा वाचला होता. तो गेला पाव पान छाटताना. तिच्याच हातानं. ओळ एका शब्दानं पुढच्या ओळीत जात होती म्हणून.

संध्याकाळपर्यंत तिनं सदतीसही वाचले. चौतिसांत तिचं वाक्य जसंच्या तसं होतं. दोघांनी नुसता आकडा टाकला होता, न बोलता. एकीनं, ब्राझीलमधल्या कुणा बाईनं, अट लिहिली होती. तिनं मूळ लेख वाचला असावा. सदतिसांत एक.

त्या चौतिसांतला एकोणतिसावा लेख म्हणजे त्यांच्याच प्रांताच्या आरोग्य खात्याची उपचारपुस्तिका होती, खात्याच्या वार्तापत्राची पुरवणी म्हणून निघालेली. नदीकाठच्या सगळ्या दवाखान्यांसाठी. सोबत भिंतीवर लावायचा तक्ता. मोठी माणसं: सहा कुप्या. मुलं: तीन. खाली बारीक अक्षरात, मोस्केरा आणि सहकारी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं इस्पितळात फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नात देइसी आली. मागं कोंबडा आरवत होता, कुणीतरी बादली आपटत होतं.

"दोन्या नोहोरा! अखेर! म्हटलं, तुमच्या पत्रिकेत माणसं राहतात की नुसते साप?"

"मिहा, अगं पोरी, तुझा लेख..."

"माझा लेख कसला, माझी फाशी म्हणा. माझ्या नावाचा तक्ता टांगलाय भिंतीवर आणि त्यात सगळं उलटं. वरच्या दवाखान्यातला पोरगा मला म्हणतो, 'दोक्तोरा, तीनच द्यायच्या, मोस्केरानं लिहिलंय.' अरे बाबा, मीच मोस्केरा! तर म्हणतो, 'तुमचं बरोबर असेल, पण तक्त्यावर शिक्का आहे.'"

नोहोरा हसली नाही. देइसीही लगेच हसायची थांबली.

"सापाला काय कळतं समोर मूल आहे की बाप्या?" ती म्हणाली. "तो विष तेवढंच सोडतो. लहान अंगात उलट जास्त भिनतं. डिसेंबरात वरच्या गावची एक मुलगी आणली होडीतून. तिकडे तीन कुप्या देऊन वाट बघत बसले होते, सूज उतरेल म्हणून. सहा तास. मी इथं उरलेल्या दिल्या. जगली. पाय नाही राहिला, गुडघ्याखाली."

बादलीचा आवाज थांबला होता.

"तू मला का नाही कळवलंस?"

"कळवलं की. नोव्हेंबरात. आरोग्य खात्यालाही लिहिलं, तीनदा. ते म्हणतात, संदर्भ नामांकित पत्रिकेतला आहे, चूक असेल तर पत्रिकेनं शुद्धिपत्र छापावं, आम्ही तक्ता उतरवतो. म्हणून तर तुम्हाला पत्र पाठवलं. संपादकांच्या नावानं."

"नोव्हेंबरात."

"अकरा नोव्हेंबर. पोचल्याची पावती आहे माझ्याकडे." देइसीनं विचारलं, "दोन्या नोहोरा, तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"नाही."

"बरं," देइसी म्हणाली. "एप्रिलमध्ये इथं पाणी चढतं. साप कोरड्या जागेला येतात. कोरडी जागा म्हणजे घरं. एवढंच सांगते."

*

उर्रुतियांनी नाकारलं नाही. टेबलाचा खालचा खण उघडून पत्र तिच्यासमोर ठेवलं. घडी नीट होती. पुन्हा पुन्हा वाचलेल्या कागदाला पडतात तशा खुणाही होत्या.

"बसा."

"उभी बरी आहे."

"शुद्धिपत्रात काय लिहाल?" ते हळू बोलत होते, वर्गात विद्यार्थ्याला समजवावं तसं. "की संपादकीयातलं वाक्य चुकलं. म्हणजे ती कंपनी संपादकीय उघडणार. दोन पानांत बासष्ट संदर्भ, सगळे आपलेच. पुढच्या वर्षीही तेच. आपलं नाव यादीतून काढणार, डीन कुलूप घालणार. मग त्या पोरीचा पुढचा लेख कोण छापेल? किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचं स्पॅनिशमधलं लिखाण न्यूयॉर्कवाले छापतील? तुमची बावीस वर्षं आहेत यात, माझी तीस. यादी जूनमध्ये लागते. जुलैच्या अंकात शुद्धिपत्र छापू, मी स्वतः लिहीन. तीन महिने, नोहोरिता."

"एप्रिल आणि मे."

"ते आरोग्य खात्याचं काम. आपण पत्रिका चालवतो. उपचार नाही करत."

"तुम्ही डॉक्टर आहात."

ते खिडकीकडे वळले. बाहेर अंगणात एक विद्यार्थिनी आंब्याच्या फोडींना मीठ लावत होती. ते म्हणाले, "त्या पाय गेलेल्या मुलीचं तुम्ही सांगेपर्यंत मला काही ठाऊक नव्हतं. पत्र आलं तेव्हा ते घडलंच नव्हतं."

"पत्र आलं होतं, म्हणूनच ते घडायला नको होतं," नोहोरा म्हणाली.

तिनं पत्र उचललं. त्यांनी हात पुढे केला, पण धरलं नाही.

पत्रिकेच्या संकेतस्थळाच्या चाव्या तिच्याकडे होत्या. उर्रुतियांना आपला पासवर्ड कधी आठवलाच नव्हता. मंगळवारी सकाळी दहा वाजता तिनं शुद्धिपत्र प्रसिद्ध केलं. अर्ध्या पानाचं. पहिल्या परिच्छेदात मूळ लेखातली पूर्ण अट, कुप्यांच्या आकड्यांसकट. दुसऱ्यात चूक कशी झाली ते: 'सर्व लेखांचे संदर्भ दोन पानांच्या संपादकीयात बसवताना ही अट गाळली गेली. गाळणारी मी.' खाली नाव. 'सर्व लेखांचे' हे शब्द तिनं एकदा पुसले, आणि परत घातले. ते नसते तर कंपनीला कदाचित काही दिसलंही नसतं. पण मग आरोग्य खात्यानं विचारलं असतं, एवढी मोठी चूक कशी झाली, आणि उत्तर अर्धंच राहिलं असतं.

मग चौतीसही लेखकांना पत्रं. आरोग्य खात्याला नोंदणी टपालानं. देइसीला फोन.

"शिक्क्यासकट?" देइसीनं विचारलं.

"शिक्क्यासकट."

"मग आजच होडी काढते."

*

महिनाभरात बारापैकी अकरा दवाखान्यांतले तक्ते उतरले. बारावा बोका ओंदाचा. तिथं पाणी चढल्यामुळे होडी जात नव्हती. देइसी दर सोमवारी कळवायची, अजून नाही. नोहोरा त्या सोमवारी सकाळपासून कशातच लक्ष घालू शकायची नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात होडी गेली. तक्ता उतरला. मधल्या काळात तिथं काय झालं, ते नोहोरानं विचारलं नाही आणि देइसीनं सांगितलं नाही.

चौतिसांतून सहा उत्तरं आली. तिघांनी आभार मानले. दोघांनी कळवलं की लेख छापून झालाय, आता काही करता येत नाही. सहाव्यानं नम्रपणे विचारलं होतं: त्याऐवजी तुमच्या पत्रिकेतला दुसरा कुठला संदर्भ घालू?

जूनमध्ये यादी लागली. पत्रिकेच्या नावापुढे आकडा नव्हता, आडवी रेघ होती, आणि तळटीप: स्वसंदर्भांच्या असाधारण प्रमाणामुळे स्थगित. डीननं कुलूप घातलं नाही. गाईंच्या पत्रिकेतली आठ पानं दिली. उर्रुतियांनी राजीनामा दिला. जाताना त्यांनी नोहोराच्या टेबलावर पानदेबोनोची पुडी ठेवली आणि ते गेले. तिनं ती उघडली नाही. संध्याकाळी झाडणाऱ्या बाईला देऊन टाकली.

मोजायचं काम राहिलं नव्हतं. तरी ती मोजत होती. शुद्धिपत्राचे संदर्भ: ऑगस्टअखेर शून्य. मोस्केराच्या लेखाचे: दर दोन महिन्यांना कमी होत चाललेले, अकरा, नऊ, चार. पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मग एका दुपारी तिनं लेखाचं नाव न घालता नुसतं वाक्यच शोधायला टाकलं. जसंच्या तसं.

बावन्न निघाले. आता कंसात मोस्केरा नव्हती. होंडुरासवाले होते, बोलिव्हियावाले होते, त्यांच्याकडून उचलणारे पेरूवाले होते. तिचं शुद्धिपत्र एका लेखाला बांधलेलं होतं, आणि वाक्य केव्हाच दावं सोडून निघून गेलं होतं. मोस्केराचा लेख तर यंदाच्या जानेवारीपासूनच दोन वर्षांच्या हिशेबातूनही बाहेर पडला होता. आता त्याचं काय होतंय ते कुणी बघणारच नव्हतं.

ऑक्टोबरात देइसीचा फोन आला. तिच्याकडे राजधानीतून नवा डॉक्टर आला होता, वर्षभराच्या ग्रामीण सेवेसाठी. पहिल्याच आठवड्यात एक मूल आलं, आणि त्यानं तीन कुप्या फोडून हात आखडला.

"मी होते शेजारी म्हणून," देइसी म्हणाली. "पूर्ण दिल्या. बरं आहे मूल. दोन्या नोहोरा, मी त्याला विचारलं, हे कुठं वाचलंस? म्हणाला, वर्गात शिकवलं."

"त्याला संदर्भ विचार. कुठला लेख, कुणाचा. मी पत्र लिहिते."

"विचारला ना. त्यानं वही आणून दाखवली." फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. "तुमचंच वाक्य. पण संदर्भ नाही त्याला. मी म्हटलं, अरे, आधार कुणाचा? तर माझ्याकडे असा बघायला लागला, जशी मीच शाळा न शिकलेली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'दोक्तोरा, याला कशाला आधार हवा? हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.'"

नोहोरानं पेन उचललं होतं. पत्र कुणाला लिहायचं, ते सुचेपर्यंत ती पेन धरून तशीच बसून राहिली.